पाच ओळी आणि एक हत्तीण

गजानन पुरुषोत्तम तिरोडकर, हे नाव मी मुद्दाम पहिल्या ओळीत घातले आहे. कारण शेवटी सांगेन.

तू गेल्याला आज चौदा दिवस झाले. बातमी माझ्याच टेबलावर आली, दुपारी, तारेने. जिनिव्हातील निःशस्त्रीकरण परिषदेच्या भारतीय शिष्टमंडळातील सदस्य, तलावाकाठच्या ट्रामच्या थांब्यावर कोसळले, हृदयविकार, वय चाळीस. चार ओळी होत्या. मी एक शब्दही कापला नाही. शीर्षक लिहून पुढे पाठवले आणि मग खुर्ची मागे सरकवली.

तू कुठे शिकलास, कोणकोणत्या देशांत राहिलास, ते इथे लिहीत नाही. तसे लेख येतील आणि त्यात चुका असतील. मला लिहायचे आहे ते वेगळे. सहा वर्षांपूर्वी मी तुझ्याबद्दलच्या पाच ओळी छापायच्या पानातून काढून टाकल्या आणि तुझ्या आईला त्याबद्दल खोटे सांगितले. ते खोटे परवा सकाळपर्यंत शाबूत होते.

तुझ्या अस्थी विमानाने मुंबईला आल्या. घेणारे जवळचे कोणी नव्हते. तू लग्न केले नाहीस, तुझे वडील, म्हणजे काका, वारले, तुझी आई, काकी, मालवणात. सही मी केली. कागदावर लिहिले होते: तांब्याचा कलश एक, सीलबंद, चामडी बॅग एक, खासगी कागदपत्रांसह. एसटीने निघालो. फोंडाघाटाला गाडी चहासाठी थांबली, तेव्हा कंडक्टर म्हणाला, कलश फळीवर ठेवा, मांडीवर कशाला त्रास. मी ठेवला नाही. पुढच्या रस्त्याला तो सारखा माझ्या डाव्या बरगडीला लागत होता. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा तू तिथेच कोपर मारून बोलायचास.

मला तुझा हेवा वाटत असे. 'असे' हा शब्द कापतो. वाटतो.

त्याची सुरुवात शोधायला फार मागे जावे लागते. माझी आई गेली तेव्हा मी मराठी तिसरीत होतो. वडील बंदरावर कारकून, घरी स्वयंपाक करणारे कोणी नाही, म्हणून सहा वर्षे मी तुमच्याकडे जेवलो. काकी दोन ताटे मांडायची. भात दोघांना सारखा. इसवण माशाची तुकडी मात्र वेगवेगळी: तुला शेपटीकडची, मला मधली. मी रोज पाहत होतो की आपल्या दोघांत फरक केला जातो. मधली तुकडी चांगली असते, हे मला कळायला वीस वर्षे लागली. तोपर्यंत हेव्याची सवय झाली होती.

मग परराष्ट्र सेवेची परीक्षा. आपण दोघे एकाच दिव्यापाशी बसून शिकलो. लेखी परीक्षेत मला तुझ्यापेक्षा नऊ गुण जास्त होते. दिल्लीच्या मुलाखतीत एका वयस्कर सदस्याने बोलता बोलता एका तहाचे साल चुकीचे सांगितले. मी ते दुरुस्त केले. माझे साल बरोबर होते. बाहेर आल्यावर ग्रंथालयात जाऊन मी खात्री करून घेतली. त्यांनी तुझ्यापुढेही तेच चुकीचे साल सांगितले. तू म्हणालास, सालाबद्दल मतभेद आहेत, पण आपण म्हणता तो मुद्दा खरा आहे. तुझी निवड झाली. परतताना गाडीत मी तुला विचारले, "मतभेद कुणाचे रे?" तू म्हणालास, "तुझो आणि त्यांचो." आणि हसलास.

मी मुंबईत एका दैनिकात लागलो. पण त्याआधीचे काही महिने मालवणच्या एका साप्ताहिकात होतो, आणि तू रुजू होण्याची वाट पाहत घरी होतास. रापणीचा तंटा तेव्हाचा.

किनाऱ्यावर दोन रापणी होत्या, वरच्या वाड्याची आणि खालच्या वाड्याची. रापण म्हणजे समुद्रात अर्धवर्तुळ टाकून किनाऱ्यावरून ओढायचे मैलभर लांबीचे जाळे. एकेका रापणीवर पन्नास-साठ घरे जगतात. किनारा एकच, म्हणून पाळी ठरलेली. ऑक्टोबरात एका सकाळी बांगड्यांच्या झुंडीने पाणी तांबडे झाले आणि दोन्ही होड्या एकदम सुटल्या. जाळी एकमेकांत अडकली. मासा गेला, जाळी फाटली, दोघांची डोकी फुटली. मी किनाऱ्यावर होतो, हातात घड्याळ होते. पाळी वरच्या वाड्याची होती आणि तरीही खालच्या वाड्याचे जाळे सात मिनिटे आधी पाण्यात पडले, असे मी छापले. सात मिनिटे हा आकडा बरोबर होता.

अंक निघाला आणि दोन्ही रापणी बंद पडल्या. खालचा वाडा म्हणे, आमका चोर छापलो. वरचा वाडा म्हणे, आता छापलाच आसा तर ते दंड भरूंदेत. बांगड्याचा हंगाम समोरून निघून जात होता आणि दोन्ही जाळी वाळूवर वाळत होती. खालच्या वाड्याच्या रापणीचा म्होरक्या, तांडेल भिकाजी तुमच्या पडवीत येऊन काकांना म्हणाला, "मास्तरानू, बाबल्याक सांगा, घड्याळ घेवन परत दर्यार येव नको." बाबल्या मी.

तू त्या तंट्याची चौकशी केली नाहीस. कुणाला काही विचारले नाहीस. देवळात जे म्हातारे गावकर गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालायचे, त्यांच्याकडे जाऊन दोन संध्याकाळी बसलास. तिसऱ्या दिवशी दोन्ही वाडे देवळात जमले. गावकरांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाण्यात रोजच्या ओळींनंतर तुझ्या ओळी आल्या:

"बा देवा म्हाराजा, ज्याची पाळी होती त्याचो मान रवांदे. ज्याका पयलो बांगडो दिसलो त्याचोय मान रवांदे. आणि फाल्या सकाळी दोनय जाळी दर्यात पडांदेत."

सगळे देऊळ म्हणाले, "होय म्हाराजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही रापणी पाण्यात होत्या, ठरलेल्या पाळीने. मी तुला किनाऱ्यावर गाठले.

"पण गजा, पाळी कोणाची होती ते तू सांगितलेच नाहीस."

"ता देवाक ठावक."

"मलाही ठाऊक आहे. मी छापले आहे."

"होय रे. देवान अजून छापूक नाय, म्हणान जाळी पडली." मग माझ्या मनगटाकडे बोट केलेस. "देवापेक्षा मोठो रिपोर्टर झालंस, आता थोडो ल्हान हो."

आपला वाद तिथे सुरू झाला आणि संपलाच नाही. मी म्हणत राहिलो, दोन अर्थ निघणारे वाक्य हे अर्धे खोटे असते. तू म्हणत राहिलास, दोघांना उभे राहता येईल एवढी जागा वाक्यात ठेवली तर त्यात खोटे काय? मी लिहिणारा होतो. वाक्ये हे माझे काम होते. तू त्यात मला हरवलेस, आणि तेही माझ्याच गावात, भिकाजीसमोर.

पुढे तू रजेवर आला होतास, तेव्हा पॅसिफिकमध्ये हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मच्छीमार बोटीवर पडल्याची बातमी आलेली होती. भिकाजीने आपल्या दोघांना अडवले. "त्या लोकांनी मगे ता जाळा काय केल्यानी? धुतल्यानी?" मी अंतर सांगितले, बोटीवरच्या माणसांची संख्या सांगितली. त्याने ते ऐकले आणि पुन्हा तुझ्याकडे पाहून विचारले, "पण ता जाळा?" दिल्लीला परतल्यावर तू निःशस्त्रीकरणाचे काम मागून घेतलेस. खात्यात ते काम तेव्हा कोणी मागत नसे. भिकाजीने प्रश्न आधी मला विचारला होता, हे मी विसरलेलो नाही.

आता त्या पाच ओळी.

जिनिव्हाच्या परिषदेत दोन्ही महासत्ता अडून बसल्या होत्या. अणुचाचण्या बंद करायला दोघेही तयार. पण जमिनीखाली चोरून चाचणी केली तर ओळखायची कशी, तपासनीस आत येऊ द्यायचे की नाही, यावर सगळे थांबले होते. तेव्हा आठ अलिप्त देशांनी मिळून एक टिपण दिले. संशयास्पद धक्का नोंदला गेला तर त्या देशाने आंतरराष्ट्रीय आयोगाला माहिती द्यावी, आणि आयोगाला पाहणीसाठी बोलावता येईल, असे काहीसे त्यात होते. बोलावलेच पाहिजे की वाटले तर बोलवा, ते टिपणात नव्हते. एकाने पहिले वाचले, दुसऱ्याने दुसरे वाचले, आणि दोघांनीही टिपण चर्चेला आधार म्हणून घेतले.

तार वाचताना मी दुसऱ्या परिच्छेदातच ओळखले. हे देवळातले गाऱ्हाणे होते. फक्त नारळ तेवढा नव्हता.

तारेचा शेवटचा परिच्छेद असा होता, भाषांतर माझे: "या टिपणाच्या मसुद्यात भारतीय शिष्टमंडळातील तरुण अधिकारी श्री. गजानन पुरुषोत्तम तिरोडकर यांचा मोठा वाटा असल्याचे समजते. दोन्ही पक्षांना मान्य होणारे शब्द शोधण्याची त्यांची हातोटी परिषदेत वाखाणली जात आहे. श्री. तिरोडकर हे रत्नागिरी जिल्ह्यातील मालवणचे रहिवासी आहेत." छापील पाच ओळी. चांगले भाषांतर केले, खिळे जुळवून घेतले, प्रूफही वाचले. 'हातोटी'तल्या दुसऱ्या वेलांटीचा खिळा उलटा लागला होता, तो बदलवून घेतला.

संध्याकाळी डाक आवृत्तीचे पान बांधताना मी पाच ओळींवर निळी पेन्सिल फिरवली. पान बांधणारे तात्या म्हणाले, "साहेब, जागा आहे. उलट काढल्या तर खाली दोन इंच भोक पडतंय."

"भोकात काय बसेल?"

"प्राणिसंग्रहालयातल्या हत्तिणीच्या फोटोचा ठोकळा पडलाय. पोटदुखी बरी झाली म्हणून. खाली दोन ओळी."

"हत्तीण घाला," मी म्हणालो.

डाक आवृत्ती म्हणजे बोटीने कोकणात जाणारा अंक. शहराच्या आवृत्तीत तुझ्या ओळी जाऊ शकल्या असत्या. तिथेही मी त्या घातल्या नाहीत. पण खरा निर्णय मी मालवणला जाणाऱ्या अंकापुरता घेतला होता, हे मला पेन्सिल हातात असतानाच माहीत होते.

तू काकीला पत्र टाकले होतेस, एखादेवेळी बाबल्याच्या पेपरात नाव येईल. काकांच्या मागे पत्रे तिला शाळेतले दुसरे मास्तर वाचून दाखवायचे. काकीला वाचता येत नाही, पण परदेशी जाण्याआधी तू तिला तुझे नाव ओळखायला शिकवले होतेस, पाकिटावरचे कळावे म्हणून. 'ग'चा वेगळा उभा दांडा, 'ज'चे आकड्यासारखे वळण. मे महिन्यात मी घरी गेलो, तर तिने तांदळाच्या डब्याखालून माझे पान काढले. सगळ्या ओळींवरून बोट फिरून फिरून कागद मळला होता.

"माका गावला नाय," ती म्हणाली. "तू दाखय."

मी म्हणालो, "काकी, सरकारी कामात नाव छापत नाहीत. नियम आहे."

तिने माझ्याकडे पाहिले, मग पानाकडे. "हत्ती छापल्यानी," ती म्हणाली. "माझो झील नाय छापल्यानी."

"हत्ती सरकारी नोकर नाही," मी म्हणालो. ती हसली. विनोद चांगला होता. काकीने मला मधली तुकडी वाढली.

दुसऱ्या वर्षी चाचणीबंदीचा करार झाला. हवेत, अवकाशात आणि पाण्याखाली चाचण्या बंद, जमिनीखालचे राहिले. तू भिकाजीला कार्ड पाठवलेस: दर्या सुटलो. त्याने ते होडीत डोलकाठीला चिकटवले आणि पहिल्याच पाण्यात ते गेले. मला तू पत्र पाठवले होतेस, चार पानी, त्यात करारातल्या सगळ्या उणिवा. ते वाचून माझी चिडचिड झाली. त्याला कार्ड आणि मला उणिवा.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तू आलास. आपण बंदरावर बसलो होतो, बोटीवरून उतारू घेऊन पडाव येत होते.

"ती टिपणाची बातमी तुझ्याच पानार होती मा रे?" तू सहज विचारलेस.

"होती."

"तारेत शेवटी एक परिच्छेद होतो."

"होता."

"मगे?"

"जागा नव्हती," मी म्हणालो.

मी आयुष्यभर वाक्ये तपासत आलो आहे. हे वाक्य मी तेव्हापासून अनेकदा तपासले. त्यात कर्ता नाही. कोणाला नव्हती, कुठे नव्हती, काही नाही. माझ्या हातून झालेले तुझ्या पद्धतीचे ते एकमेव वाक्य. तू ते ऐकलेस, पडावाकडे पाहिलेस आणि म्हणालास, "होय म्हाराजा."

मग तू बांगड्याबद्दल बोलायला लागलास.

तू मला तिथे माफ केलेस, गजा, आणि मला त्याचाही हेवा वाटला. तू भांडायला हवे होतेस. भांडला असतास तर आपण समान झालो असतो.

तुझे शेवटचे पत्र दोन महिन्यांपूर्वीचे. अण्वस्त्रे पसरू न देण्याचा तो नवा करार, ज्यावर आपल्या देशाने सही न करण्याचे ठरवले. ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांनी ठेवावेत आणि बाकीच्यांनी शपथ घ्यावी, हे आपल्याला मान्य नाही, असे मी अग्रलेखात लिहिले होते आणि तुला विचारले होते, तू कोणत्या बाजूचा? तू एका ओळीत उत्तर दिलेस: ह्या वेळी माका वाक्य गावला नाय. ते वाचून मला अर्धा दिवस बरे वाटले. अर्धा दिवस, जास्त नाही. मग मी उत्तर लिहायला घेतले आणि पूर्ण केले नाही. त्या वाक्यासाठी तू किती रात्री जागलास, हे मी विचारायला हवे होते. तुझ्या छातीत तेव्हापासून दुखत होते काय, हे मला माहीत नाही. माहीत नाही ते लिहायचे नाही, हा माझा नियम आहे.

बाराव्याला भटजींनी विचारले, "पाणी कोण देणार? नाते काय?" मी मागे उभा होतो, सांगण्यासारखे नाते माझ्याकडे नव्हते. काकी आतून म्हणाली, "भाव तो. लिवा." तुझ्या आईने मला तुझा भाऊ करून टाकले आणि मी हातात दर्भ घेऊन बसलो.

परवा सकाळी आम्ही तुझी चामडी बॅग उघडली. मसुदे, चष्मा, कुठल्याशा हॉटेलची बिले, आणि तळाशी घडी घातलेले एक मळलेले पान. काकीने ते हातात घेतले.

"हो माझो पेपर," ती म्हणाली. "तांदळाच्या डब्याखालसून खंय गेलो म्हणान मी सगळा घर शोधलंय. गज्यान न्हेल्यान तर." तिने घडी उलगडली. हत्तीण वर आली. "ह्यात तर तेचा नाव नाय. मगे कित्याक न्हेल्यान?"

पानावर तू काही लिहिलेले नव्हतेस. मी दोन्ही बाजू पाहिल्या. तिला उत्तर हवे होते आणि उत्तर देऊ शकणारा मी एकटा उरलो होतो.

मी सांगितले. नियम नव्हता. नाव आले होते, पाच ओळी आल्या होत्या, जागा होती. मी काढल्या आणि हत्तीण घातली. का, तेही सांगितले. त्या शब्दाला मालवणीत मला दुसरा शब्द सापडला नाही, मी हेवा असेच म्हणालो.

काकी बराच वेळ हत्तिणीवरून बोट फिरवत होती.

"गज्याक ठावक होता?"

"होय."

"तेणा काय म्हटल्यान?"

"होय म्हाराजा, म्हणाला."

"मगे?" तिचा आवाज चढला. मला ते अपेक्षित नव्हते. "तेणा मिटयल्यान, तू उकरतंस कित्याक? तेका म्हायत नाय होता, मी इचारतलंय म्हणान? म्हणान तर पेपर न्हेल्यान." ती उठली, चुलीपाशी गेली, तिथून पाठमोरीच म्हणाली, "तुझ्यार मी रागावलंय. जेवक बस."

मी जेवायला बसलो. एकच ताट होते. अळणी भात, दुखवट्याचे घर, मासा नव्हता. ती वाढता वाढता म्हणाली, "आता छाप."

"छापतो."

"माका दिसात असा छाप. आणि हत्ती घालू नको."

म्हणून हे लिहिले. माझ्या लेखांना आता कोणी हात लावत नाही, पण पान बांधताना काय होईल ते सांगता येत नाही. जाहिरात येते, ठोकळा येतो. जागा कमी पडली की कात्री नेहमी खालून लागते, हे तुला माहीत होते. तारेत तुझे नाव शेवटच्या परिच्छेदात होते म्हणून माझे काम सोपे झाले. या वेळी कापणाऱ्याला हा परिच्छेद मिळेल, वरचा मिळेल, माझी बंदरावरची सगळी हकीकत मिळेल. हवे ते काढावे.

अंक परवा दुपारच्या गाडीने मालवणला पोहोचेल. काकीचे बोट फार खाली येणार नाही.